गोष्ट कमी नव्हती, माणसं कमी होती

भयपट संपून दिवे लागले की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "दिसायला झकास आहे, पण गोष्ट कुठाय?" त्यातून चित्रपट एका कुटुंबाचा असेल, भूत बाहेरचं नसून आई-बाप-मुलांच्या मधोमध येऊन बसलेलं असेल, तर हे वाक्य ठरलेलंच. लांबलचक व्हरांडा, त्याच्या टोकाला पाठमोरं उभं असलेलं मूल, जाणवेल न जाणवेल अशा वेगाने पुढे सरकणारा कॅमेरा, आणि या सगळ्याखाली सतत घुमणारा खर्जातला आवाज. दिग्दर्शकाला शैलीचा सोस लागला आणि गोष्ट राहून गेली, असा निकाल दाराबाहेर पडायच्या आत लागलेला असतो.

ही तक्रार खोटी नाही. अशा कितीतरी चित्रपटांतून मीही रिकामी उठले आहे. पण त्यांचं कथानक एकदा कागदावर मांडून बघा. वंशात चालत आलेला शाप असतो. आजीचं गुपित असतं. माळ्यावर एक पुस्तक सापडतं, त्यात एक चिन्ह असतं, आणि ते चिन्ह मुलाच्या वहीत आधीच उमटलेलं असतं. सगळं ठाऊक असलेला एक म्हातारा शेजारी असतो, एक पंथ असतो, एक विधी असतो, आणि विधीची वेळ नेमकी त्याच रात्रीची असते. गोष्ट कुठे कमी आहे? उतू चालली आहे. कमी असतात ती माणसं. या घरातला बाप चिडला की ओरडतो की गप्प होतो, थोरलीने धाकट्याला शेवटचं जवळ कधी घेतलं, आई कुणाच्या खोलीत दार न वाजवता शिरते, यातलं काहीच आपल्याला माहीत नसतं. मग भुताने त्यांच्यातल्या कुणाला धरलं याने आपल्याला काय फरक पडणार!

(पुढे काही चित्रपटांचे शेवट उघड होणार आहेत. त्याला इलाज नाही, कारण हे भांडण बहुतेक वेळा शेवटावरूनच पेटतं.)

या भांडणातला सगळ्यात गाजलेला खटला 'द शायनिंग'चा. स्टीव्हन किंगची कादंबरी १९७७ ची, स्टॅनली कुब्रिकचा चित्रपट १९८० चा. हिवाळ्यात बंद असलेलं हॉटेल राखायला गेलेला बाप जॅक, त्याची बायको आणि मुलगा डॅनी, अशा तिघांची ही गोष्ट. किंगला चित्रपट आवडला नाही आणि त्याने ते कधी लपवलंही नाही. देखणी, मोठी गाडी आहे पण आत इंजिनच नाही, अशा अर्थाचं तो बोलला. पुढे १९९७ मध्ये त्याने स्वतः पटकथा लिहिली आणि त्यावर टीव्हीसाठी तीन भागांची मालिका झाली. कादंबरीला धरून चालणारी, घटना न गाळणारी. तरीही आज 'शायनिंग' म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या कुब्रिकच्याच गोष्टी: तीनचाकी सायकलवरचा डॅनी, त्याच्या मागोमाग जमिनीलगत तरंगत जाणारा स्टेडीकॅम (चालत नेला तरी हिसके न बसणारा कॅमेरा), आणि लाकडी फरशीवर खडखडून गालिच्यावर एकदम गप्प होणारी चाकं. यावरून लोक निष्कर्ष काढतात की शैली जिंकली, गोष्ट हरली.

मला तसं वाटत नाही. किंगचा आक्षेप नीट ऐकला तर तो घटनांबद्दल नव्हताच, माणसाबद्दल होता. कादंबरीतला बाप मुलावर जीव असलेला, धडपडणारा माणूस आहे आणि तो हळूहळू घसरत जातो. चित्रपटातला जॅक नोकरीच्या मुलाखतीतच बिनसलेला वाटतो. ज्याला पडायला उंचीच नाही त्याचं पडणं काय बघायचं, हा किंगचा सवाल रास्त आहे. पण त्याच चित्रपटात एक दृश्य आहे, ज्यात भूत नाही, रक्त नाही, आणि ज्याच्यासाठी मी तो चित्रपट पुन्हा पुन्हा बघते.

डॅनीला त्याचा खेळण्यातला बंब हवा असतो. बाबा झोपले असतील म्हणून तो पाय न वाजवता खोलीत येतो. बाबा जागा आहे, पलंगाच्या कडेवर बसलेला. तो मुलाला मांडीवर घेतो. मुलगा समोर कुठेतरी बघत राहतो. दोघांच्या वाक्यांमध्ये इतकी जागा सोडलेली आहे की प्रत्येक उत्तराआधी आपणच अवघडतो. तुम्ही आईला आणि मला कधी इजा करणार नाही ना, असं मुलगा विचारतो. कुठल्याही बापाने "छे रे, वेडा का तू" म्हणून त्याला छातीशी धरलं असतं. जॅक विचारतो, तुझ्या आईने तुला असं सांगितलं का? पोराच्या भीतीला त्याचं पहिलं उत्तर म्हणजे बायकोबद्दलचा संशय! पुढे तो प्रेम आहे वगैरे म्हणतो, पण तोवर सांगायचं ते सांगून झालेलं असतं. या दृश्यातल्या संथपणाला कुणी शैली म्हणेल. मी त्याला गोष्ट म्हणते. त्या थांबण्याच्या जागा काढून टाकल्या तर एक बाप मुलाची समजूत घालतोय एवढंच उरेल.

घरातल्या भीतीची जातच निराळी आहे. जंगलातून पळता येतं, ओसाड हवेलीतून बाहेर पडता येतं. पण जिची भीती वाटते तिच्याकडूनच सकाळी केस विंचरून घ्यायचे असतात, तेव्हा पळायचं कुठे? आणि कुटुंबाच्या गोष्टीत घडायचं ते बहुतेक आधीच घडून गेलेलं असतं. कुणीतरी गेलेलं असतं, कुणीतरी काहीतरी झाकलेलं असतं. पडद्यावर दिसतो तो त्याचा घरावर राहिलेला वळ. वळ दाखवायला घटना पुरत नाहीत. त्याला आवाज लागतो, अंतर लागतं, कोण कुठल्या खुर्चीत बसतं ते लागतं.

आमच्या आजोबांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे घरात सगळेच चढ्या आवाजात बोलायचे. ते गेले, आणि त्यानंतरही कितीतरी दिवस आम्ही तसेच बोलत राहिलो. कुणाच्या लक्षातही आलं नाही. एकदा पाहुणी म्हणून आलेली एक बाई आईला बाजूला घेऊन हलकेच म्हणाली, "काही वाद चाललाय का? मी नंतर येते." आई आमच्याकडे बघत राहिली. त्या संध्याकाळी आम्ही सगळे हळू बोलायचा प्रयत्न करत होतो आणि कुणालाच ते जमत नव्हतं. आवाज खाली आणला की आजोबा नाहीत हे कबूल केल्यासारखं व्हायचं. मला कुणी घरातल्या भुताचा चित्रपट करायला सांगितला तर मी एवढंच करेन: गेलेल्या माणसासाठी मोठ्याने बोलणारं घर. ध्वनिमुद्रण करणाऱ्याच्या दृष्टीने ही तांत्रिक बाब, पण त्या घराची सगळी गोष्ट तिच्यातच आहे.

शैली आणि गोष्ट यांची गाठ कशी बसते हे मला सगळ्यात स्वच्छ दिसलं ते किम जी-वून या कोरियन दिग्दर्शकाच्या 'अ टेल ऑफ टू सिस्टर्स'मध्ये. चित्रपट २००३ चा, आधार तिथल्या जुन्या लोककथेचा: दोन बहिणी आणि सावत्र आई. पहिला तासभर हे घर बघताना जीव गुदमरतो. भिंतींवर गच्च फुलांचा कागद, गडद लाकूड, पडदे, नक्षी. नजरेला टेकायला मोकळी जागा म्हणून नाही. कुणीही म्हणेल की कलादिग्दर्शकाने हौस भागवून घेतली. कथानकही जाणूनबुजून गुंतवलेलं आहे. कोण जिवंत, कोण नाही, कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येतंय याचा पत्ता लागू देत नाही.

मग शेवटी खरं काय घडलं ते येतं, आणि ते साध्या दिवसाच्या उजेडात येतं. धाकटी कपाटाखाली चिरडली जातेय. सावत्र आई ते बघते, खोलीतून निघून जाते, मग पाऊल अडखळतं. तेवढ्यात थोरली समोर येते. दोघींची बाचाबाची होते. या क्षणाचा तुला पस्तावा होईल, असं ती बाई थोरलीला सांगते, आणि थोरली तावातावाने घराबाहेर चालू लागते. एवढंच. एक दार उघडलं गेलं नाही, कारण दाराबाहेरच्या दोघी एकमेकींवर चिडलेल्या होत्या. या घटनेला कॅमेऱ्याची कसलीही करामत लावलेली नाही. तिथे पोचल्यावर कळतं की आधीची फुलं, नक्षी, सगळा गच्चपणा त्या थोरलीचा होता. ही एक घटना आठवू नये म्हणून तिने मनाच्या भिंतींवर चढवलेला. सत्य आलं आणि शैली आपणहून बाजूला झाली. असा दिग्दर्शक विरळा.

उलट बाजूला उसनवारी आहे, आणि ती फार झाली आहे. एका चित्रपटात कॅमेरा संथ सरकला आणि अंगावर काटा आला, म्हणून पुढच्या दहांत तो संथ सरकतो. का सरकतो हे विचारायचं नाही. जॅक क्लेटनच्या १९६१ च्या 'द इनोसंट्स'मध्ये छायालेखक फ्रेडी फ्रान्सिसने कडा रंगवलेले फिल्टर वापरून पडद्याच्या दोन्ही बाजू काळोख्या केल्या होत्या. कारण होतं. स्टुडिओने सिनेमास्कोपचा रुंद पडदा गळ्यात मारला होता, आणि गोष्ट होती एका मोठ्या घरात दोन मुलांना सांभाळणाऱ्या शिक्षिकेच्या आक्रसत जाणाऱ्या मनाची. एवढ्या रुंदीत तिला कोंडायचं कसं? तर कडा खाऊन टाकायच्या. आपण त्या कडांकडे चोरून बघत राहतो, तीही बघत असते. आज कुणीही संगणकावर कडा काळ्या करून देईल. कुणाला कोंडायचंय हे आधी ठरलेलं असेल तर खुशाल कराव्यात.

'तुंबाड'बद्दल बोलताना लोक आधी पावसाबद्दल बोलतात, आणि बरोबरच आहे. राही अनिल बर्वे यांचा हा २०१८ चा चित्रपट अनेक पावसाळ्यांत चित्रित झाला आणि पंकज कुमारच्या कॅमेऱ्याने ती ओल अक्षरशः श्वासात आणून सोडली. पण माझ्यासाठी 'तुंबाड' हा बाप आणि मुलाचा चित्रपट आहे. १९१८, १९३३, १९४७ असे काळाचे टप्पे येतात आणि शेवटच्या टप्प्यात विनायक आपल्या पोराला, पांडुरंगला, हस्तरकडे, म्हणजे सोन्याच्या मोहरा बाळगून असलेल्या शापित देवाकडे, न्यायला तयार करतो. कणकेची बाहुली दाखवली की हस्तर जागा होतो, म्हणून सरावाच्या खेपेला बाहुली आणायची नाही अशी बापाची ताकीद असते. पोरगं गुपचूप आणतं. त्याच्यात दुष्टावा नाही. बापाला आपली हुशारी दिसावी, शाबासकी मिळावी, एवढीच त्याची भूक आहे. तिथे मला जी भीती वाटली ती हस्तरच्या दर्शनाने वाटली नाही. बाप हावरट असणं एक वेळ समजू शकतं, पण मुलाला बापाच्या प्रेमाकडे जायचा रस्ताच हावेतून सापडावा? पुढे हस्तरच्या कमरेचं मोहरांनी भरलेलं वस्त्रच ओढून आणू ही कल्पना पोराचीच असते. आणि शेवटी शापित झालेला बाप ती मिळकत पुढे करतो तेव्हा ती नाकारायची ताकदही त्याच पोरात निघते. न थांबणारा पाऊस या घराण्याला शोभतो, कारण इथे वारसा असाच झिरपत खाली आला आहे. हाच पाऊस दुसऱ्या एखाद्या शापाच्या गोष्टीवर पाडला असता तर नुसता चिखल झाला असता.

जेनिफर केंटचा २०१४ चा 'द बाबाडूक' मी थोडक्यात सांगते, कारण त्याचं बळ एका साध्या गोष्टीत आहे. प्रसूतीसाठी दवाखान्यात जाताना नवरा अपघातात गेला, म्हणजे मुलाचा वाढदिवस आणि नवऱ्याचा मृत्युदिन एकच. त्या पोराकडे बघताना आईच्या मनात काय येत असेल ते तिला कुणापुढे बोलायची सोय नाही. भूक लागली म्हणणाऱ्या मुलाच्या अंगावर ती एकदा जे घाणेरडं बोलते, त्यापुढे काळ्या टोपीचा तो राक्षस काहीच नाही. शेवटी राक्षस मरत नाही, तळघरात राहतो आणि त्याला खाऊ घालावं लागतं. बहुतेक भयपटांना शेवटी भुताचा निकाल लावायची घाई असते. इथे आई आणि मुलगा त्याच्यासकट संसार करायला शिकतात.

आता 'हेरेडिटरी'. आमच्या घरात ज्यावरून अजून वाद होतात तो चित्रपट.

आरी ॲस्टरचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, २०१८ चा. घराचा आतला भाग स्टुडिओत उभा केला होता. भिंती काढता येत असल्यामुळे कॅमेरा खऱ्या खोलीत जाऊ शकला नसता इतका मागे जातो, आणि माणसं बाहुलीघरात ठेवल्यासारखी दिसतात. आई, ॲनी, छोट्या प्रतिकृती बनवणारी कलावंत आहे, तेव्हा हे दिसणं तिच्या हातातूनच आलेलं आहे. मग तो अपघात होतो. थोरला पीटर गाडी चालवतोय, मागे धाकटी बहीण चार्ली श्वासासाठी तडफडतेय, तिने डोकं खिडकीबाहेर काढलंय. एक खांब. त्यानंतर कॅमेरा पीटरच्या चेहऱ्यावरून हलत नाही. तो मागे वळून बघत नाही. गाडी घरी आणतो, अंथरुणात पडतो, डोळे उघडे. सकाळ होते. आई गाडीकडे जाताना ऐकू येते, मग तिची किंकाळी ऐकू येते, आणि आपण अजून त्या पोराचा चेहराच बघतोय. आईला गाडीत काय दिसलं हे आपल्याला न दाखवणं ही शैली झाली. मुलाला आईची किंकाळी अंथरुणात पडून ऐकावी लागली ही गोष्ट झाली. या दोन वाक्यांत फट कुठे आहे मला दाखवा.

पुढे ॲनी त्याच अपघाताची प्रतिकृती बनवायला बसते, खांबासकट. नवरा हादरतो. पीटर हे बघेल तेव्हा त्याला काय वाटेल, असं विचारतो. ती म्हणते, हे त्याच्याबद्दल नाहीये, अपघाताकडे तटस्थपणे बघितलंय. बारीक ब्रश हातात धरून, पोटच्या पोरीच्या मृत्यूला रंग देत बसलेली आई! शैली आणि गोष्ट यांचं सगळं भांडण या एका दृश्यात येऊन बसलं आहे. दुःख हाताळता यावं म्हणून तिने ते बोटाएवढं केलं, सुबक केलं, आणि तिच्या कौशल्याने मुलाला घराबाहेरचं करून टाकलं.

आणि मग जेवणाचं टेबल. टोनी कोलेटने इथे जे केलंय त्यावर वेगळं लिहायला हवं. आई पीटरवर तुटून पडते, या घरात केलेल्याची कबुली कुणीच देत नाही म्हणते. तिचं बोलून झाल्यावर पीटर विचारतो, तुझं काय? चार्लीला पार्टीला यायचंच नव्हतं, मग ती तिथे का होती? तिला बळेच पाठवणारी ॲनीच होती. उत्तर येत नाही.

माझी नाराजी यापुढे सुरू होते. शेवटच्या भागात आजीचे फोटो सापडतात, पुस्तकात खूण करून ठेवलेला मजकूर सापडतो, पायमॉन नावाचा दैत्य आणि त्याचे भक्त उघड होतात, आणि शेवटी ते भक्त पीटरलाच मुकुट घालतात. सगळं आधीपासून ठरलेलं होतं. मुलगा चुकला नाही, आईही चुकली नाही, पंथाने घडवून आणलं. दोष कुणाचा, हा या घराला जाळणारा प्रश्न होता. कथानकाने त्याला परस्पर उत्तर दिलं आणि त्या दोघांच्या हातातून तो काढून घेतला.

ताईला हे अजिबात मान्य नाही. तिच्या मते चित्रपटाने काहीच दडवलं नव्हतं. पहिल्याच शॉटमध्ये कॅमेरा कार्यशाळेतल्या छोट्या घरात शिरतो, तीच पीटरची खरी खोली होते आणि बाप त्याला उठवायला आत येतो. ही माणसं कुणाच्या तरी हातातली आहेत हे तिथेच सांगून झालं. पुढे पीटरच्या वर्गात ग्रीक शोकांतिकेवर चर्चा चालते: माणसाला निवडच नसेल तर त्याची शोकांतिका जास्त होते की कमी? "तुला त्या दोघांचं बोलणं व्हायला हवंय," ताई म्हणते, "आणि ते होऊ शकत नाही हीच तर गोष्ट आहे. तू शैलीला नावं ठेवणाऱ्यांशी भांडतेस आणि इथे पहिल्या शॉटने सांगितलेलं ऐकत नाहीस."

पहिल्या शॉटबद्दलचं तिचं म्हणणं मला पटतं. निवड नसलेल्या माणसांची शोकांतिका मोठी, हेही मी मान्य करते. पण पीटरने आईला प्रश्न विचारला तेव्हा त्याला ना पायमॉन माहीत होता ना आजीची पुस्तकं. तो एक मुलगा होता आणि आईकडून उत्तराची वाट बघत होता. ॲनीने ते उत्तर एकदा, जागेपणी, त्याच्या तोंडावर द्यायला हवं होतं, खरं नाही तर खोटं तरी. मग त्या भक्तांनी त्याला खुशाल मुकुट घालावा.